तांबोरीलमध्ये सगळेच उस्ताद होते तेव्हा

शहाण्णव साली, क्यूबाशेजारच्या बेटावरल्या तांबोरील गावात सिगार न वळणारा माणूस शोधायचा तर थेट कब्रस्तानात जावं लागलं असतं. न्हावी वळत होता, पंक्चरवाला वळत होता, लॉटरीची तिकिटं विकणारी बाई दोन तिकिटांच्या मधल्या वेळात वळत होती. तिकडे अमेरिकेत वकिलांना, दंतवैद्यांना आणि नटनट्यांना एकाच वेळी साक्षात्कार झाला होता की तोंडात जाडजूड सिगार असल्याशिवाय माणूस मोठा दिसत नाही. त्यांना सिगार हवे होते, भारीतले भारी, आणि लगेच. भारीतली भारी वस्तू लगेच मिळत नसते, हे सांगायला गावात कुणाला सवड नव्हती.

एवारिस्ता पोलांको आता सत्तरीला आलीय. त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की ती आधी नाक मुरडते आणि मग खुर्ची पुढे ओढते.

तेव्हा ती गावातल्या सगळ्यात जुन्या कारखान्यात सव्वीस वर्षं वळायला बसत होती. तिथे तंबाखूचं पान तीन वर्षं मुरल्याशिवाय टेबलावर येत नसे. मुकादम होते डॉन एलिसेओ, म्हणजे आपल्याकडचे एलिसेओराव. फार कमी बोलणारा माणूस. दिवसाला तीन वाक्यं झाली की त्यांचा घसा बसायचा.

आणि मग एके दिवशी तिचा धाकटा दीर निकानोर घरी आला. निकानोर शवपेट्या बनवणारा सुतार. सिगारांचे डबे करून द्यायच्या ऑर्डरी त्यालाही आल्या होत्या, आणि चार महिने डबे ठोकल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता.

"वहिनी, अख्ख्या गावात रिकामा डबा विकणारा मी एकटाच गाढव उरलोय," तो म्हणाला. "तू ये. तुला उस्ताद करतो. पगार दुप्पट."

"भावोजी, तुम्हाला पानातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर तू हवीस."

हे उत्तर प्रामाणिक होतं, आणि पगार दुप्पट होता. तिने डॉन एलिसेओंना जाऊन सांगितलं. त्यांनी मान न उचलता विचारलं, "तिकडे पान किती मुरवतात?"

"विचारलं नाही."

"विचार," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

तिने विचारलं नाही. उत्तर तिला पहिल्याच दिवशी नाकाने कळलं. निकानोरने शवपेट्यांच्या कारखान्यातच टेबलं मांडली होती; त्याने पानांचा गठ्ठा सोडला तसा अमोनियाचा असा भपकारा आला की सगळा कारखाना खोकायला लागला. पान शेतातून येऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

"भावोजी, हे कच्चं आहे. डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या."

"आनंदाश्रू आहेत ते, वहिनी."

हाताखाली चौदा मुली होत्या, त्यातल्या नऊ केशकर्तनालयातून उचललेल्या. केसांना कर्लर लावणारी बोटं पान गुंडाळायला चटकन शिकतात, हा निकानोरचा सिद्धांत. मुली शिकल्याही. त्यांचे सिगार दिसायला देखणे असत, फक्त त्यांतून धूर येत नसे. एवारिस्ता प्रत्येक सिगार चिमटीत दाबून बघायची, गाठ लागली की उसवून पुन्हा वळायला लावायची. मुली कुरकुरत. "मावशी, तो गोरा कुठे दाबून बघणार आहे?"

गोरा म्हणजे मिस्टर ड्वाइट, ओहायोतला दातांचा डॉक्टर. दवाखाना भागीदाराच्या गळ्यात मारून तो सिगारांच्या धंद्यात उतरला होता, आणि आठ महिन्यांपूर्वी आपण पहिला सिगार ओढला हे तो मोठ्या अभिमानाने सांगे. त्याला माल पसंत होता, पण मालाला इतिहास हवा होता. घराणं हवं होतं. शक्यतो क्यूबातलं.

निकानोरने भिंतीवर नजर टाकली. तिथे एवारिस्ताच्या वडिलांचा ओळखपत्रासाठी काढलेला फोटो तिनेच टेबलापाशी डकवला होता. "हे डॉन ग्रेगोरियो," तो म्हणाला. "हवानाहून बियाणं खिशात लपवून, होडीतून पळून आले."

ग्रेगोरियोंनी जन्मभर शेळ्या राखल्या. जवळच्या सान्तियागो शहरातल्या पुलावरून जाताना खाली नदी दिसली तरी त्यांना मळमळायचं. पण महिन्याभरात डब्यावर 'डॉन ग्रेगोरियो' हे नाव आणि त्यांचं सोनेरी चित्र छापून आलं. छातीवर चार पदकं, मागे जहाज.

एवारिस्ताला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिच्या आईला चित्र फार आवडलं. ऐंशी वर्षांच्या म्हातारीने ते चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "मला कधी बोलला नाही. हवानात कोण होती त्याची?"

"आई, हे खोटं आहे. धंद्यासाठी केलंय."

"छापलेलं आहे, म्हणे खोटं," आई म्हणाली. त्यानंतर ती वारली त्या दिवसापर्यंत तिने नवऱ्याला क्षमा केली नाही.

पुढच्या खेपेला मिस्टर ड्वाइट आले, तेव्हा एवारिस्ताने ठरवलं की आता बोलायचं. दुभाषी अर्थातच निकानोर.

"त्यांना सांगा, हे पान कच्चं आहे. ओढणाऱ्याला मळमळेल."

निकानोर इंग्रजीत बराच वेळ बोलला. साहेब खूश होऊन हसले.

"काय सांगितलंत?"

"उस्ताद म्हणतात, हा सिगार नवशिक्यांसाठी नाही."

तिने आणखी वाद घातला नाही. पिशवीतून स्वतःचा एक सिगार काढला. जुन्या कारखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तिने वळलेला, तीन वर्षं मुरलेल्या पानाचा, वरचं पान लोण्यासारखं. असे बारा होते तिच्याकडे, आणि ती कुणाला देत नसे. तो तिने साहेबांच्या हातात ठेवला. सांगून कळत नसेल तर ओढून कळेल, असं तिला वाटलं.

साहेबांनी चार झुरके घेतले. राख सरळ, पांढरी, बोटभर उभी राहिली. एवारिस्ता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बरा आहे," साहेब म्हणाले, "पण यात काही घडतच नाही."

त्यांनी तो बाजूला ठेवला आणि डॉन ग्रेगोरियो पेटवला. डोळे लाल झाले, ठसका लागला, कपाळावर घाम आला. बसायला खुर्ची मागवून घेतली आणि रुमालाने तोंड पुसत ते म्हणाले, "याला म्हणतात व्यक्तिमत्त्व."

निकानोरने तेवढ्याचं मात्र शब्दशः भाषांतर केलं.

साहेब गेल्यावर एवारिस्ताने तो अर्धा सिगार उचलला आणि कारखान्याच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत ओढला. चांगला होता. तिला खात्री करून घ्यायची होती, बस. पण दुसऱ्या दिवसापासून तिने मुलींचे सिगार दाबून बघणं सोडलं. मग स्वतःचेही सोडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट माल दीडपट निघू लागला आणि निकानोरने तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये फोन वाजायचा थांबला. ओहायोतून एक फॅक्स आला, बाजार जरा थंड आहे म्हणून. त्यानंतर फॅक्सही थंड झाला. ज्यांना सिगारशिवाय मोठं वाटत नव्हतं, त्यांना बहुधा दुसरं काहीतरी सापडलं. चाळीस हजार डॉन ग्रेगोरियो गोदामात पडून राहिले. दोन महिन्यांत त्यांना किडे लागले, आणि तो माल शेवटपर्यंत आवडीने खाल्लेली गिऱ्हाइकं तेवढीच. मुली कर्लरकडे परतल्या. निकानोर शवपेट्यांकडे परतला. त्या धंद्यात माल परत येत नाही, हे त्याला आता नव्याने आवडायला लागलं होतं.

एवारिस्ता सात आठवडे घरी बसली. कच्ची केळी उकडून कुटायची, खायची, दारात बसायची. मग एका सोमवारी जुन्या कारखान्यात जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे रांगेत न्हावी आणि पंक्चरवाला होते. दोघांनी स्वतःची ओळख उस्ताद अशी करून दिली, आणि दोघांना परत पाठवण्यात आलं.

डॉन एलिसेओंनी तिला टेबल दाखवलं. "दहा वळ."

सगळा हॉल बघत होता. सव्वीस वर्षं तिच्या शेजारी बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. तिने दहा वळले. मुकादमांनी सुरी घेतली आणि एकेक सिगार उभा चिरला. तिसऱ्यात गाठ होती. सातवा मधे पोकळ होता. नवव्याचा भरणा पिळवटलेला.

"तीन," ते म्हणाले.

"हात बसला नाही अजून."

"चुकीचा बसलाय," ते म्हणाले. "शिकाऊ मुलींच्यात बस. त्यांचाच पगार मिळेल."

तिला वाटलं, उठावं आणि चालू पडावं. पन्नाशीला टेकलेली बाई, अठरा वर्षांच्या पोरींच्या ओळीत. पण समोर मुरलेल्या पानांची चळत होती, त्यांचा वास येत होता, आणि या कामाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं. ती बसली. शेजारच्या पोरीने विचारलं, "मावशी, तुम्ही पहिल्यांदाच?"

"हो," एवारिस्ता म्हणाली.

रोज पहाटे ती सगळ्यांच्या आधी यायची. आपलेच सिगार चिरून बघायची. मार्च गेला, सेमाना सान्ता, म्हणजे ईस्टरआधीचा पवित्र आठवडा गेला, आंबे आले. एका दुपारी जेवण झाल्यावर डॉन एलिसेओ तिच्या टेबलापाशी थांबले, ढिगातला एक सिगार उचलला, पेटवला आणि तिथेच उभे राहून ओढू लागले. ती वळत राहिली. पाऊण तास झाला. बोटं भाजायला लागली तेव्हा त्यांनी थोटूक टाकलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल जुन्या बायकांच्या रांगेत लावलेलं होतं. शेजारणीने सरकून जागा केली आणि विचारलं, "कॉफी घेणार का?"