वरून मागितलेली काच

"हलवून पाहू का?" असं विचारेपर्यंत रंभाबाईनं दुर्बीण हलवलीसुद्धा होती. तीन पायांवरची ती लांबलचक पांढरी नळी काउंटरवर लटलट कापायला लागली, तसा दुकानदार मोहित दोन्ही हातांनी तिला सावरायला धावला.

"अहो मावशी, आराम से! नाजूक चीज आहे."

"नाजूक असली म्हणून अशी थरथरते का भाऊ? हिच्यातून चंद्र पाह्यला तर चंद्रच नाचंन."

संदीप सर हसले. फोपनारच्या पलीकडे केळीच्या बागांत एक वाडी आहे, तिथल्या शाळेत ते अतिथी शिक्षक होते. त्याच शाळेत रंभाबाई बारा वर्षांपासून पोरांचं दुपारचं जेवण रांधत होती. स्वच्छ स्वयंपाकघराचं बक्षीस म्हणून तिच्या बचत गटाला सहा हजार मिळाले. गटातल्या बायका म्हणाल्या, साड्या घेऊ. पण रंभाबाईची नात तृप्ती सातवीत होती आणि तिनं आजीच्या डोक्यात दुर्बिणीचं खूळ भरवलं होतं. रंभाबाईनं सगळ्यांच्या साड्यांवर पाणी सोडलं, चार जणींची तोंडं फुगवून घेतली आणि सरांच्या गाडीवर बसून ती बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या या दुकानात आली. शाळांच्या प्रयोगशाळांचं सामान इथे मिळायचं.

"खोक्यावर लिहिलंय बघा, पाचशे पट मोठं दिसतं," मोहित म्हणाला.

"त्या आकड्यावर जाऊ नका काकू," सर हळूच म्हणाले. मोबाईलवर वाचून वाचून ते तयारीनं आले होते. "पुढचं भिंग किती रुंद आहे ते बघायचं. आणि स्टँड हलता कामा नये. बाकी सब बकवास."

रंभाबाईनं शेजारची दुसरी उचलली. आखूड, ढेरपोटी, टेबलावर बसेल अशा बुटक्या बैठकीची. भांडी घेताना ठोकून पाहावं तशी तिनं ती ठोकली आणि काउंटरवर दाबून बघितली. ती हलली नाही. पिशवीत घालून पिशवी खांद्याला लावून पाहिली, तर दोन किलो पिठाएवढंच वजन.

"हीच द्या. गाडीवर मांडीवर बसते, पोरीले पण उचलते. भिंगही हिचंच रुंद."

आता निवड झाली होती, आणि चांगली झाली होती. तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण कोथिंबिरीची काडी वरून घेतल्याशिवाय जिनं जन्मात भाजी घेतली नाही, ती बाई अशी कशी उठेल?

"आता वरून काय देतो?"

"मावशी, यात काय वरून? ही काय मेथीची जुडी आहे?"

"माह्या शाळेत एकशे चाळीस पोरं आहेत. त्यांच्यासाठी काय देतो, ते बोल."

मोहितनं डोकं खाजवलं. मग लांब दुर्बिणीचं खोकं उघडून त्यातून एक बोटाच्या पेराएवढी काळपट काच काढली. पितळी कड्यात बसवलेली. बुटक्या दुर्बिणीच्याही डोळा लावायच्या भिंगाला ती खालून फिरवून बसत होती.

"ही घ्या. सूर्याची काच. पंधरा दिवसांनी ग्रहण आहे, पोरांना दाखवा. फ्री."

सर थबकले. "सूर्याचं मी काहीतरी वेगळं वाचलंय. काच पुढच्या तोंडाला लावायची असते म्हणे, अशी मागे नाही..."

"अरे सर, कंपनी पागल आहे का? खोक्यातच आलीय."

"घ्या हो सर!" रंभाबाईनं काच पदराला बांधली पण. "देतोय त्याचं मन मोडू नये. तुमचं आपलं प्रत्येक गोष्टीत पण."

सर गप्प बसले. वयानं लहान, नोकरी कच्ची, आणि पैसे बाईच्या गटाचे. माणूस अशा वेळी गप्पच बसतो.

वाडीत ग्रहणाची बातमी पसरली तशी कुजबुज सुरू झाली. रंभाबाईची जाऊ सिंधू चुलीपाशी येऊन बसली.

"गिऱ्हाण पाह्यत नही कोणी व बाई. डोळे जातात. आपल्या सासूनं कधी पाह्यलं का?"

"सासूनं शाळा तरी कुठं पाह्यली होती? आता काच असते, काच!" रंभाबाई फणकारली. पण सिंधू गेल्यावर तिनं पदराची गाठ सोडून काच हातावर घेतली आणि उगाचच बराच वेळ पाहत राहिली. मन खात होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

ग्रहणाच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. निम्म्या वाडीनं देवाला हात जोडले, की ढग असेच राहू दे. राहिले असते तर! पण नाही. चारच्या सुमाराला केळीच्या पानांवर ऊन पडलं, आणि ते ऊनही कसलं, आजारी माणसाच्या तोंडासारखं पिवळट. कावळे अवेळी झाडांवर यायला लागले. अंगणाबाहेर बाया तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. घरी बोलावून घेतलेली पोरं सोडली तरी शाळेच्या पटांगणात साठेक जण रांगेत उभे होते आणि सगळ्यांत पुढे तृप्ती होती.

सरांनी टेबल मांडलं, काच बसवली. नळीची सावली लहानात लहान होईपर्यंत दुर्बीण फिरवली. डोळ्याच्या भिंगापाशी लाल टिपका उमटला.

"आला! चल तृप्ती, पटकन ये."

"थांब."

रंभाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आली होती. पोरांच्या पानात काही पडण्याआधी मोठ्या माणसानं ते खाऊन बघायचं, असा शाळेचा नियम होता. दुसरीकडे तो कागदावर पाळतात. रंभाबाईनं बारा वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. एकदा डाळीची चव जिभेला खटकली म्हणून तिनं अख्खं पातेलं मोरीत ओतलं होतं आणि पुन्हा डाळ रांधली होती.

"मी पाह्यल्याबिगर पोरं नही पाहणार."

"काकू, मी बघतो ना आधी," सर म्हणाले.

"तुम्ही कधी चाखलं का? ते काम माहं आहे."

तिनं नळीला हात लावला आणि क्षणभर थांबली. "गरम लागते हो ही."

"उन्हात आहे म्हणून," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

डावा डोळा मिटून रंभाबाई वाकली. आधी दिसला तो तांबडा सूर्य, भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा एका बाजूनं खाल्लेला. व माय, किती सुंदर! तिला खरंच आनंद झाला. तृप्तीला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात टक् असा आवाज झाला. शेंगदाणा तव्यावर फुटावा, इतकाच. आणि सगळं पांढरं झालं.

ती मागे झाली. दुखलं काहीच नाही. डोळ्यापुढे हिरवं जाळं नाचत होतं, पण हात शहाणे होते. तृप्तीला एका हातानं मागे लोटून दुसऱ्या हातानं तिनं पदर नळीच्या पुढच्या तोंडावर गुंडाळला.

"काच फुटली. कोणी जवळ यायचं नही! सर, पोरांना आत घ्या. आत घ्या म्हणते ना!"

तिचा असा आवाज पोरांनी कधी ऐकला नव्हता. साठ पोरं मुकाट वर्गात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांदूळ निवडायला बसली. ज्या दाण्याकडे पाहावं, तोच दाणा नाहीसा. आजूबाजूचे दिसायचे, मधला नाही. तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि तिला कळलं. सूप मांडीवर तसंच राहिलं. खडा दिसला नाही आणि पोराच्या दातात गेला तर, हाच पहिला विचार तिच्या मनात आला.

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध जळाला आहे, नजर परत यायची नाही. दवाखान्याच्या पायरीवर संदीप सर लहान मुलासारखे रडले.

"मी वाचलं होतं काकू. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

"मी बोलू दिलं नही," रंभाबाई म्हणाली. तिलाही रडू येत होतं, पण दोघांनी मिळून रडून कसं चालेल? "आता ऐका. काच खोटी होती, सूर्याकडं असं कधी पाहू नका, हे पोरांना दहादा सांगा. त्या दुकानदाराले पण जाऊन सांगा, त्याच्याजवळ अजून असतीन. पण माह्या डोळ्याचं कोणाजवळ बोलायचं नही."

"का? लोकांना कळायला पाहिजे."

"लोक काय म्हनतीन? गिऱ्हाण लागलं बाईले. सिंधू तर गावभर सांगंन. मग उद्यापासून एक पोरगी आभाळाकडं मान वर करणार नही सर. मी मोतीबिंदू सांगते. या वयात कोणी विचारत नही."

"मी ती दुर्बीण तापीत फेकून देतो."

"काबरं? चंद्रानं कोणाचं काय बिघडवलंय?"

ग्रहणानंतर पाच दिवसांनी, दिवे लागायच्या वेळी, शाळेच्या ओट्यावर तीच बुटकी दुर्बीण ठेवली होती. समोर केळीच्या वर कोवळी कोर आली होती. चंद्राला काही होत नाही असं सर प्रत्येकाला समजावत होते, पोरं ढकलाढकली करत होती आणि सिंधूसुद्धा फाटकापर्यंत आली होती. रंभाबाई बाजूला पायरीवर बसली होती. निवडलेले तांदूळ आता गटातली दुसरी बाई पुन्हा एकदा पाहायची. रंभाबाईनंच तसं लावून दिलं होतं.

तृप्ती बघून धावत आली. "आजी! खड्डे दिसतात! खरेखुरे! काठावर डोंगर आहेत आजी!"

"इकडं ये."

रंभाबाईनं तिची हनुवटी धरून तोंड ओट्यावरच्या दिव्याकडे वळवलं आणि आधी आपला डावा डोळा मिटला. दोन बाजूंना दोन लाल रिबिनी होत्या, कान होते. मध्ये काहीच नव्हतं. मग तिनं उजवा मिटला. सगळी तृप्ती आली. दोन्ही डोळे जागच्या जागी, काळेभोर, दिव्याच्या उजेडात चमकणारे, आजीकडे टकमक बघणारे.

"काय पाहतेस गं आजी?"

"काही नही. जा, परत रांगेत लाग."