कुऱ्हाडीची मागची बाजू

कुऱ्हाडीची भिंतीकडची बाजू स्वच्छ होती आणि खोलीकडची गंजली होती.

शैलेंद्रने पातं पुन्हा उलटून पाहिलं. नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या या घराची ती भिंत बाहेरची, हिवाळाभर ओल धरणारी. गंज चढायचाच तर तिकडून चढायला हवा होता. त्याच्या जुन्या हत्यारांच्या संग्रहातली ही सर्वांत जुनी — सुरिनामच्या डच मळ्यासाठी जंगल तोडायला कुणा लोहाराने हाताने घडवलेली, घणाचे ठोके अजून अंगावर वागवणारी — आणि दसऱ्याला इथे आलेल्या आईने पूजेसाठी नेमकी हीच उतरवली होती.

"आई, हे औजार नाही, पुरावा आहे."

"असेल. पण कुणाचं तरी पोट चाललं ना रे हिच्यावर?"

"पोट कसलं? गुलामांच्या पाठी फुटल्या."

"मग तर हात जोडायलाच हवेत," कुमुदिनीबाई म्हणाल्या होत्या.

त्याने तिच्यादेखत पुढल्या बाजूचं कुंकू साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं, पुसलं, कुऱ्हाड परत टांगली. ती सांडलेल्या अक्षता एकेक टिपत राहिली... आणि आज सकाळी गंजाचा फोटो पुण्याला पाठवून, फोन लावून, कसल्याशा समाधानाने तो म्हणाला होता, "बघ, तुझ्या कुंकवाने काय केलं." पलीकडे तिने पंखा बंद केल्याचा आवाज. मग — "चुकलंच माझं. पुढल्या वेळी नाही हात लावणार." पुढल्या वेळी... तिचे गुडघे पाहता ती वेळ येईल की नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता.

"बाबा, इज आजी स्टिल द सस्पेक्ट?" सोफ्यावरून सानिका. मान वर न करता.

त्याने पातं पालथं घातलं. मागच्या बाजूवर बोट फिरवलं. थंडीने थिजलेला पांढुरका थर बोटाच्या उबेने विरघळला. त्याने बोट नाकाशी नेलं. खोबरेल. टिपकागद दाबला, तर कागद पारदर्शक झाला. त्याने तो उजेडात धरला, गरजेपेक्षा बराच वेळ — दुसरं एखादं स्पष्टीकरण उरतं का ते पाहत, उरावं असं प्रथमच मनोमन इच्छीत, आणि त्या इच्छेने ओशाळत.

उरलं नाही. पूजेआधी आईने पात्याला दोन्ही बाजूंनी तेल चोळलं होतं. मागचं तेल राहिलं म्हणून लोखंड राहिलं. पुढचं त्याने साबणाने धुऊन टाकलं होतं.