रेवणप्पांनी वाचलेली चिठ्ठी

दिनकररावांनी उर्दूतली चिठ्ठी दोनदा वाचली आणि सिद्धम्माच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ते ताडकळसच्या पोस्टातले बाबू. हैदराबादच्या दवाखान्याचं टपाल म्हणून ते स्वतः घेऊन आले होते.

"वहिनी, डॉक्टर विचारतात, रोगी आलाच नाही. दोन महिन्यांत आणा म्हणून मागंच कळवलं होतं."

"कवा कळवलं?"

सिद्धम्मानं देवळीतला जुना कागद आणून त्यांच्या हातात दिला. तोही, सगळ्या सरकारी कागदांसारखा, उर्दूत. सहा महिन्यांखाली तो आला, तेव्हा मोठे दीर रेवणप्पा यांनी चष्मा लावून, ओठ हलवत तो वाचला होता. "दिक हाय. क्षय. लागट," असं सांगून त्यांनी मान हलवली होती. त्याच दिवशी तिच्या नवऱ्याची, चंद्रप्पाची बाज गोठ्यात गेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सात वर्षांच्या उमानं बापाला दहा हातांवरून बघायचं. दर सोमवारी जंगम स्वामींच्या पादपूजेचं तीर्थ एकाच वाटीतून घरभर फिरे, तेही गोठ्यात जात नसे. जायची ती फक्त चिलीम. खोकला मोकळा होतो म्हणून रेवणप्पा ती रोज स्वतः भरून भावाला देत.

दिनकरराव तो जुना कागद वाचायला लागले. "थुंकीत दिकचे जंतू नाहीत. उजव्या फुप्फुसात गाठ आहे. हा कर्करोग, तो लागट नाही. इथं दाखवायला आणलं तेव्हा नळी घालून काढलेला तुकडा तपासला, ही जात सावकाश वाढणारी आहे. दुसरी एक झपाट्यानं पसरते, तिच्यापुढे इलाज चालत नाही. चिलमीच्या धुरानं होत असावा असा संशय आहे, चिलीम आजच बंद करा. गाठ एका जागी आहे तोवर तेवढं फुप्फुस कापून काढू."

"आन् आता?"

"आता रक्त पडत असेल, हाडं दुखत असतील, तर कापून उपयोग नाही, असं ह्या नव्या चिठ्ठीत म्हणतात. दुखणं कमी करायचं औषध देतील."

चंद्रप्पाची कंबर महिनाभर ठणकत होती. रक्त पंधरा दिवसांपासून पडत होतं.

सिद्धम्माच्या अंगाची लाही लाही झाली. सहा महिने तिनं नवऱ्याला लांबून भाकरी सरकवली होती, आणि ती सुद्धा कशापायी? दिरांनी मुद्दाम केलं की काय, हे तिला आधी जाणून घ्यायचं होतं. तिनं दिनकररावांच्या पिशवीतला एक उर्दू छापील कागद मागून घेतला आणि त्यांना थांबायला सांगितलं.

सोमवारच होता. माजघरात स्वामी बसले होते, रेवणप्पा तीर्थाची वाटी घेऊन उभे होते.

"भावजी, दवाखान्याचा कागद आलाय. वाचा."

रेवणप्पांनी चष्मा लावला. ओठ हलले. "तेच लिवलंय. दिक. लांब ठिवा म्हनतेत."

दारातून दिनकरराव हळू आवाजात म्हणाले, "ती पोस्टाच्या सुट्ट्यांची यादी आहे."

रेवणप्पांनी चष्मा उतरवला. गावात कचेरीचा कागद वाचणारा म्हणून रेवणप्पांचा केवढा मान. त्या मानापायी ह्या माणसानं माझा संसार जाळला, हे सिद्धम्माला लख्ख कळलं. तिनं त्यांच्या हातातली वाटी हिसकावली, उमाचा हात धरला आणि सरळ गोठ्यात गेली. चंद्रप्पाच्या ओठाला वाटी लावली. मग स्वतः घेतलं, मग लेकीला दिलं. उमा बापाला चिकटून बसली, आणि तिला कसं धरावं हे चंद्रप्पाला सुचेना.

"काय करायलीस गं? लागंल तिला."

"न्हाई लागत. लागायचं नव्हतंच कवा."

रेवणप्पा मागोमाग येऊन दारात उभे राहिले. तिनं वाटी त्यांच्याकडे वळवली. "घ्या. अन् बाजंचं एक टोक धरा. ह्ये घरात यायलेत."

त्यांनी तीर्थ घेतलं आणि बाज धरली. चंद्रप्पानं भावाकडे बघितलं. सगळ्या गावासारखाच त्याचाही भावाच्या वाचण्यावर भरवसा होता.

"दादा, कागदात काय लिवलंय? बरा व्हतो का मी? तू वाचून सांग."

रेवणप्पांनी बाज खाली ठेवली. "मला वाचता येत न्हाई रं, चंद्रू," ते म्हणाले. "कवाच येत नव्हतं."

सिद्धम्मा त्यांच्याकडे बघत राहिली. एवढंच सहा महिन्यांखाली बोलायचं होतं.