ट्रक देपालपूरलाच का बंद पडतो

ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर कैलासचा फायदा काय? देपालपूरची सासुरवाडी आणि तिथलं दाल-बाफल्यांचं जेवण. मालक श्रीपादरावांनी हे मनाशी पक्कं केलं होतं. कारण दिवे आणि इंजिन अचानक बंद व्हायचं ते देपालपूरजवळच. सांवेर रोडवर आणला की ट्रक शहाण्यासारखा चालायचा. म्हणून त्यांनी कैलासचा पगार कापला आणि ट्रक इलेक्ट्रिशियन पियुषकडे नेला.

"भिया, यानं कुठंतरी चोर-स्विच बसवलाय. तो शोध."

"सेठजी, ससुरालवाले तर मला बघून दार लावतात," कैलास म्हणाला.

पियुषनं इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवली. बॅटरीची अर्थिंगची वायर चेसिसला जिथं कसली होती, तिथं हात लागताच दिवे गेले. त्यानं बोल्ट काढला. खाली जाड, चकचकीत निळा रंग.

"रंगावरच वायर कसलीय, रंगातून करंट धड जात नाही. सपाट रस्त्यावर टिकते, देपालपूरच्या स्पीड ब्रेकरवर सुटते. दसऱ्याला रंगकाम कोणी केलं?"

कैलास आभाळाकडे बघू लागला. पेंटरचा खर्च वाचवायला श्रीपादरावांनी स्वतःच ब्रश हाती घेतला होता.

"रंगच हलका निघाला यार," ते म्हणाले.

पियुषनं रंग खरवडून वायर कसली. त्याची मजुरी श्रीपादरावांनी रोख दिली. कापलेल्या पगाराचा विषय मात्र कोणी काढला नाही. म्हणजे मालकाच्या रंगकामाचे पैसे अखेर कैलासनंच भरले.