उजेडाच्या पेटीने पाहिलेली पाठ

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, तसलं नशीब कुठलं! वर दुधी काच, पोटात आखूड ट्यूब आणि बाजूला एक खटका, झाली मी. खटका दाबला की काच उजळते. तिच्यावर चित्र ठेवायचं, चित्रावर कोरा कागद, की खालचं वर दिसतं आणि गिरवता येतं. एवढंच माझं काम. पण त्या कामापायी या घरात जे झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी काही कारखान्यातून आलेली नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक खण निखळला होता आणि न्हाणीघराच्या खिडकीची काच बदलली होती. या दोन टाकाऊ गोष्टींचं लग्न तळमजल्यावरच्या सुतारकाकांनी लावून दिलं. "बाई, याला पाट म्हणायचं की दिवा?" त्यांनी विचारलं. "काहीही म्हणा काका, पण उद्यापर्यंत द्या," बाई म्हणाल्या. त्यांची घाई मला तेव्हापासून माहीत आहे.

काकांनी माझ्या खालच्या कडेला दोन लाकडी खुंट्या बसवल्या. कागदाला भोकं पाडून या खुंट्यांत अडकवला की तो तसूभर हलत नाही. कागद हलला, तर चित्रातला चालणारा माणूस बेडकासारखा उड्या मारायला लागतो.

बाई म्हणजे माझी मालकीण. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायच्या. ढग, ससे, दात घासणारं अस्वलाचं पिल्लू, सगळं माझ्या काचेवरून गेलंय. प्रकाशकाचा फोन यायचा, "ससा जरा हसरा करा हो." बाई गोड आवाजात "करते की" म्हणायच्या आणि फोन ठेवला की सशालाच दटावायच्या, "हस मेल्या!"

हे झालं पोटाचं काम. ते आटोपलं की हौसेचं सुरू. जुन्या थाळ्या रंगव, माचिसच्या काड्यांची माणसं कर, कागदावरची माणसं चालव. एक माणूस दोन पावलं चालायचा, तर ढीगभर चित्रं लागायची. कुणी मागितलेलं नाही, कुणी विकत घेणार नाही, आणि बाई मात्र जेवण विसरून बसलेल्या. "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!" असं त्यांचा धाकटा भाऊ चिडवायचा. आणि स्वतःच ते घोडं घेऊन यायचा, म्हणजे एखादी नवी चाल. "ताई, हे ऐक. याच्यावर कुणाला तरी नाचव."

हा भाऊ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सगळे त्याला फुंक्या म्हणत, बाईसुद्धा. गोबरे गाल, रुंद छाती. तो जिना चढताना शीळ घालत यायचा आणि माझ्या काचेपर्यंत तो आवाज पोचायचा.

इथे माझी एक अडचण सांगते. मला दिसतं ते खालून. कागदाची मागची बाजू, म्हणजे सगळी चित्रं उलटी, आणि त्यावर वाकलेला बाईंचा चेहरा. हनुवटी, नाकपुड्या, चूक झाली की दाताखाली धरलेला ओठ. बाकीची खोली मला फक्त ऐकू येते.

दोघांनी मिळून हलत्या चित्रांची एक फिल्म करायची ठरवली. गोष्ट अगदी साधी. फुंक्या या इमारतीचा जिना क्लॅरिनेट वाजवत उतरतो, बस. चाल त्याने वाजवून मोबाइलवर घेऊन ठेवली होती. वाजवताना मध्येच त्याला खोकला आला. "पुन्हा वाजवू?" त्याने विचारलं. "राहू दे," बाई हसून म्हणाल्या, "तिथे तुझा पाय घसरवते."

तो खोकला मग गेलाच नाही. फुप्फुसांचं दुखणं निघालं. क्लॅरिनेट डब्यात गेली आणि फुंक्या बहिणीकडे राहायला आला. त्याचा लोखंडी पलंग याच खोलीत, बाईंच्या टेबलामागे मांडला. दिवसभर त्याचं बघायला एक मावशी यायच्या.

एके दिवशी डॉक्टर येऊन गेले. बाई त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मावशींनी विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "फार दिवस धरू नका म्हणाले." मग सरळ टेबलाशी बसल्या, पडदा ओढला, माझा खटका दाबला आणि माझ्याकडे बघत पुटपुटल्या, "याला फिल्म पुरी दाखवायचीच." त्यांच्या हनुवटीवरून एक थेंब माझ्यावर पडला. तो त्यांनी बाहीने पुसला आणि कागद अडकवला.

पडदा ओढावाच लागतो. माझा उजेड तो किती! खोलीत ऊन असलं की काचेवरचं काही दिसत नाही. म्हणून भर दिवसा खोलीत अंधार करायचा आणि त्या अंधारात फुंक्याने पडून राहायचं.

"ताई, पडदा उघड ना जरा. रस्ता बघू दे."

"थोडंच राहिलंय रे."

हे मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. तोही हट्ट करायचा नाही. बाई कागदांची चळत बोटांतून फरफर सोडून पाऊल बरोबर पडतंय का बघायच्या आणि मागे न बघताच म्हणायच्या, "दे ताल." फुंक्या पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवायचा. टक, टक, टक. चमच्यावर पाऊल पडलं की बाई खूश. हाताने एवढंच वाजवणं त्याला उरलं होतं आणि ते तो मन लावून करायचा.

घाई वाईट हो. चालणारा माणूस गिरवताना दर वेळी पहिलं मूळ चित्र खाली घालून ताडून बघायचं असतं. बाईंनी वेळ वाचवायला ते सोडलं. दुसरं चित्र पहिल्यावरून काढलं, तिसरं दुसऱ्यावरून. केसभर फरक पडला तो पुढच्यात गेला, तिथे आणखी केसभर वाढला. मला कळत होतं, पण मी पडले पेटी.

सगळी चित्रं झाली. बाईंनी एकेकाचा फोटो काढला, मोबाइलवर चाल जोडून ती चालवली आणि फोन फुंक्याच्या हातात दिला. पलंगावर चाल शेवटपर्यंत वाजली. मग तो खो खो हसला, हसता हसता खोकला.

"ताई, हे काय गं! वरच्या पायरीवर चांगला पैलवान, आणि खाली येईस्तोवर वाळून काडी!"

बाईंनी फोन ओढून घेतला. पुन्हा लावला. खरंच, जिना उतरता उतरता फुंक्याचे गाल बसत गेले होते, खांदे आवळत गेले होते. शेवटच्या पायरीवर नुसती क्लॅरिनेट आणि तिच्यामागे एक रेघ.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "मी ताडून नाही बघितलं. सगळं परत काढते."

"चुकलंय कुठे? आरसा बघतो की मी. हुबेहूब आहे. हेच ठेव."

"वेडा आहेस का? असा नाहीयेस तू."

"असाच आहे गं. तुला दिसत नाही एवढंच." मग म्हणाला, "परत नको काढू. त्यापेक्षा इथे येऊन बस. पत्ते खेळू. तू चिडून डाव उधळ, मी बघतो."

"खेळू रे. आधी हे होऊ दे."

बाईंनी ती सगळी चळत मावशींच्या हातात दिली, "रद्दीत टाका." आणि मूळ चित्र माझ्या काचेवर पक्कं चिकटवलं. आता प्रत्येक कागदाखाली तेच, गोबऱ्या गालांचा फुंक्या. खोकल्याच्या जागी पाय घसरायचा, ते त्यांनी गाळलं, चालीतला खोकलाही कापला. मी गरम व्हायचे, बाई ओल्या फडक्याने काच पुसून पुन्हा वाकायच्या. मागे पलंगावरचा श्वास रोज वेगळा यायचा. बाईंना तो ऐकू येत होता, म्हणूनच त्या आणखी वाकत होत्या. माणसांची ही तऱ्हा मला कळत नाही. ज्याच्यासाठी जीव टाकायचा, त्याच्याचकडे पाठ करून बसायचं!

मावशी एकदा म्हणाल्या, "बाई, चित्रं पळून जाणार नाहीत." बाईंनी पुढचा कागद खुंट्यांत अडकवला.

त्या दिवशी बाहेर लख्ख ऊन होतं. पडद्याच्या फटीतून एक तिरीप माझ्या कडेवर पडली होती. शेवटच्या काही पायऱ्या उरल्या होत्या. बाईंनी चळत बोटांतून सोडली. "दे ताल."

ताल आला नाही.

"झोपलास वाटतं," बाई म्हणाल्या, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून खुर्चीसुद्धा न वाजवता पुढचं चित्र काढलं. मग त्यापुढचं. मग आणखी एक. मागून श्वास येत नव्हता. मला ऐकू येत नव्हतं म्हणजे नव्हताच. मला ओरडता आलं असतं तर मी काच फोडून घेतली असती.

चहा घेऊन मावशी आल्या, पडदा उघडला, आणि त्यांच्या हातातला कप खाली पडला.

फिल्म पुढे बाईंनी पुरी केली. सुरेख झाली. फुंक्या वरून खालपर्यंत धडधाकट उतरतो, कुठे ठेच नाही, खोकला नाही. बाईंनी ती रिकाम्या पलंगाशी बसून एकदा बघितली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. फोन त्यांनी पालथा ठेवला.

नंतर मावशींनी गादी उन्हात टाकायला उचलली, तेव्हा खालून कागदांची चळत निघाली. रद्दीत गेलेलीच ती. "त्यांनी मागून घेतली होती," मावशी म्हणाल्या. "ताईला सांगू नका म्हणाले. उगाच पुन्हा टाकून देईल."

सगळ्यात शेवटचा कागद बाईंच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी तो आणून माझ्यावर ठेवला आणि खटका दाबला.

फुंक्याने काढलेलं चित्र होतं ते. त्याला चित्रकला कुठली! थरथरत्या, वाकड्यातिकड्या रेघा. एक खुर्ची. खुर्चीवर पाठमोरी बाई, खांदे गोळा झालेले, डोक्यावर अंबाडा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. तिच्या पलीकडे छोटासा उजेड, तो मी. कागदाला भोकंसुद्धा पाडली होती, चमच्याच्या दांड्याने, फाटकी. म्हणजे हे फिल्ममधलं चित्र होतं. जिना उतरून झाल्यावर फुंक्याला पुढे जे दिसतं ते.

मी बाईंची पाठ तोवर कधी पाहिली नव्हती. त्यांचा चेहरा सगळा माझ्या वाट्याला आला होता, रडका, हट्टी, मायेने भरलेला. आणि ज्याच्यासाठी तो होता त्याच्या वाट्याला ही पाठ. बाई माझ्यावर डोकं टेकून रडल्या. काच तापली तरी उठल्या नाहीत.

आता माझं म्हातारपण आलंय. ट्यूब फडफडते, एक खुंटी सैल झालीय. सशांचं काम बाईंनी दुसऱ्या कुणाला दिलं. त्या रोज तो एकच कागद माझ्यावर अडकवतात आणि त्यावरून ती पाठ वळवायला बसतात. पहिल्या चित्रात खांदा हलतो, मग मान, मग गालाची कड येते. तिथे हात थांबतो आणि कागदाचा बोळा होतो. त्याच्याकडे वळलेला स्वतःचा चेहरा कसा असता, ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे हो. पण मी पेटी, मला फक्त उजेड देता येतो.

तुमच्याही पाठीमागे कुणी चमचा वाजवत बसलं असेल. हातातलं थोडंच राहिलं असेल, मला माहीत आहे. ते तसंच राहू द्या. माझा खटका बंद करा, पडदा उघडा आणि आधी वळा.