विमानानं पाऊण तास

वीरभद्रअप्पा दिवेलागणीला गेले आणि त्यांचा भाऊ योगीराज नांदूरघाटच्या एसटीडी बूथवर पळाला. मुंबईला पोराला, श्रीशैलला, फोन लावला. पोरगी जगदेवी शिरूर कासारला दिलेली. ती काय, जवळच हाय, तिला सकाळी कळवू. लांबच्याला आधी, जवळचीला मागून. चार शहाण्या डोक्यांनी ठरवलं आणि चौघांपैकी एकालाही त्यात खोट दिसली नाही.

सकाळी एसटीच्या कंडक्टरनं निरोप दिला तेव्हा जगदेवी भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच निघाली. खड्डे चुकवत गाडीनं बीडला पोचायला दोन तास घेतले. बीडच्या स्टँडवर पुढची गाडी दीड तास लागली नाही. सगळा रस्ता मिळून शंभर किलोमीटर भरत नाही, पण त्यानं बाईचा दिवस गिळला. एकदा अप्पांचं तोंड बघायचं, एवढंच ती घोकत होती. लिंगायतांत मढं जाळत नाहीत, समाधीत बसवतात. माती लोटली की तोंड गेलं.

अडीचला ती नांदूरघाटला उतरली, तर समोरून जीप. पुढं श्रीशैल, कपाळावरची विभूती अजून ओली.

"ताई! किती उशीर गं?"

"अप्पा?"

"झालं सगळं. दीडला बसवलं. औरंगाबादहून साडेसातचं विमान आहे, परतीचं तिकीट काढूनच आलतो."

"माझ्यासाठी थांबला न्हाईस?"

"मी मुंबईहून आलो बघ! विमानानं पाऊण तास. पुढं जीप. तुला शिरूरहून येणं झालं नाही?"

जीपवाला मालकाच्या बाजूनं हसला. श्रीशैलनं खिशातून मूठभर गोळ्या काढून तिच्या हातात कोंबल्या. "विमानात फुकट देतात. पोरांना दे."

"उतर खाली. चल माझ्यासंगं समाधीपोत्तर."

"विमान कुणासाठी थांबत नसतं, ताई."

"मढं थांबलं असतं की रं, भाड्या!"

जीप गेली. धूळ तेवढी तिच्यापाशी थांबली.

मळ्यात चिंचेखाली पाहुणे बसले होते. मेलेल्या माणसाचं कुणी बोलत नव्हतं. पाऊण तास! अरे, आपल्याला केजला जायला त्याहून जास्त वेळ लागतो!

"आलीस का जगे?" योगीराजकाका उठला. "पोरानं लाज राखली बघ. मुंबईहून येऊन माती दिली."

"काका, मला रातीच कावून कळवलं न्हाई?"

"अगं, तू जवळच होतीस की."

ती समाधीच्या ओल्या मातीपाशी गेली. मग म्हणाली, "तोंड किती खाली हाय?"

"आं?"

"अप्पाचं तोंड. वरून किती खाली?"

काकानं खरंच विचार केला. हवेत हात धरून मापलं. "बसवल्यात न्हवं... असंल तीन हात."

तीन हात! जगदेवी गुडघ्यावर पडली आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागली. मुठीतल्या गोळ्या चिखलात सांडल्या. नखं मोडली. काकानं आणि दोघांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"उठ, खुळे. माती वली हाय, लुगडं घाण हुईल."

चिंचेखालून कुणीतरी विचारलं, "विमानात मुतायची सोय असती का?"

"पाऊण तासात मुतायला कशाला लागतंय, बे?"

सगळे हसले.