यादीतलं अठरावं नाव

“गोऱ्यांच्या घरात विचारल्याशिवाय बोलू नकोस, आणि विचारलंच तर थोडकं बोल,” आई सांगायची. आईला जाऊन वीस वर्षं झाली, तरी मालकीण मिस क्लॅरिसच्या घराच्या मागच्या दारातून आत पाऊल टाकताना हेफझिबाला ते शब्द ऐकू येत. सकाळचं स्तोत्र म्हटल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. आज तिनं ते दोनदा म्हटलं होतं.

दक्षिण कॅरोलायनातल्या त्या गावात गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला बस होती. काळ्यांच्या मुलांनी चालायचं. तिची आठ वर्षांची ओडेसा ओढा ओलांडून चार मैल जायची आणि भिजल्या मोज्यांनी दिवसभर बाकावर बसायची. आमच्याही मुलांना एक बस द्या, एवढाच अर्ज होता. अठरा आईबापांनी सह्या केल्या. शनिवारपर्यंत पाच जणांची कामं गेली, एकाच्या खिडकीतून गोळी आली.

लग्न झालेलं असलं तरी नोकरमाणसं बाईंना रिवाजानं ‘मिस’च म्हणत; त्यांचे यजमान शाळा मंडळाचे प्रमुख. बाई न्याहारीच्या टेबलावर अर्जाची यादी पसरून बसल्या होत्या.

“डव्ही, लक्ष कुठंय तुझं? बिस्किटं करपली की!”

“जरा लालसर झालीत, मॅम.”

“लालसर? कोळसा झालाय नुसता! बरं, हे सांग. तुमच्या लोकांतलं सगळं ठाऊक असतं तुला. ही हेफझिबा गॅड्सन कोण गं? सतरा जण सापडले, हिचाच पत्ता लागेना.”

हेफझिबानं किटली खाली ठेवली. अकरा वर्षं ती या घरात रांधत होती. आधीची स्वयंपाकीण डव्ही, म्हणून हीसुद्धा डव्ही. खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

“चर्चमध्ये येते, मॅम.”

“कशी आहे?”

“भित्री आहे.”

बाई खुदकन हसल्या. “मग सोपंच झालं. आज दहाला शाळा मंडळाच्या कचेरीत प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव सांगायचंय. जो येणार नाही, त्याची सही रद्द. तिला म्हणावं, घरीच बस. नाहीतर साहेब या जिल्ह्यात तिची चूल पेटू देणार नाहीत.”

“सांगते, मॅम.”

मोरीपाशी उभी राहून ती तवा घासत राहिली. गप्प बसलं की सुटका होती. काम राहील, डोक्यावरचं छप्पर राहील, कुणाला कळणारही नाही. पण काल चर्चच्या पायरीवर ओडेसानं तिचा हात घट्ट धरला होता. “आई, सगळे म्हणतात, निम्मे लोक येणारच नाहीत. तू उभी राहशील ना?”

“राहीन,” ती म्हणाली होती. देवाच्या दारात.

घड्याळात साडेनऊ झाले. तिनं तवा पालथा घातला, हात पुसले, एप्रन खुंटीला अडकवला. प्रभूचं नाव घेत तिनं मागचं दार हलकेच ओढून घेतलं आणि कचेरीच्या रस्त्याला लागली.